दोन घरांचे मूल

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे सीतेचे मंदिर आहे. रामाच्या शेजारी उभ्या असलेल्या सीतेचे नव्हे, एकट्या सीतेचे. देशात अशी मंदिरे फार थोडी. रामाने त्यागलेली सीता या रानात येऊन राहिली, येथेच तिला लव-कुश झाले, आणि बाळंतीण सीता पसाभर गहू मागायला गावात गेली तेव्हा गावाने तिला रित्या हाताने परत पाठविले, अशी तेथली लोककथा आहे. सीतेने शाप दिला आणि रावेरीच्या शिवारात गहू पिकेनासा झाला. नवी सुधारलेली बियाणी आली तेव्हा कुठे तो पिकू लागला, असेही गावकरी सांगतात. पडझड झालेल्या या मंदिराचा जीर्णोद्धार शरद जोशी आणि शेतकरी संघटना यांच्या पुढाकाराने झाला, हा मात्र अलीकडचा इतिहास.

कथेची सत्यासत्यता ठरविण्याचे आम्हाला कारण नाही. आम्हाला तिच्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. रामायणावर हजारो वर्षे चर्चा झाली ती सीतेच्या शुद्धीची आणि रामाच्या राजधर्माची. मुलांचे काय, हा प्रश्न विचारला रावेरीच्या कथेने, आणि तोही पसाभर गव्हाच्या भाषेत. बाप आणि मुले यांची पहिली भेट झाली ती कशी? अश्वमेधाचा घोडा अडविला म्हणून, धनुष्यबाण हातात घेऊन. आईबाप वेगळे झाले, मुलांची जाण्यायेण्याची वाट कुणी आखून ठेवली नाही, की भेट रणांगणावरच होते. न्यायालयांच्या ओसऱ्यांवर आज जी दृश्ये दिसतात त्यांचा मूळ आराखडा इतका जुना आहे.

विभक्त झालेल्या आईबापांनी मूल दोघांनी मिळून कसे वाढवावे, हा विषय ऐकला की पुष्कळांना तो मुंबई-पुण्याचा, किंबहुना विलायतेचा वाटतो. पांढरकवड्यात त्याचे काय काम, असाही प्रश्न येईल. वस्तुतः नवराबायकोने वेगळे होणे ही आमच्या भागात कधीच अपूर्वाईची गोष्ट नव्हती. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जाती सोडल्या, तर कुणबी, माळी, तेली, गोंड, कोलाम अशा बहुसंख्य समाजात सोडचिठ्ठी होती, पाट होता. ‘काडीमोड’ हा शब्दच मुळी कृतीतून आलेला आहे. पंचांसमोर काडी मोडायची, की संसार मोडला. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली जे चार खंड प्रसिद्ध केले, त्यांत पानोपानी या चालींची नोंद आहे. गोऱ्या साहेबाला आणि त्याच्या शहरी वाचकाला या चालींचे नवल वाटले असेल; कापणीच्या हंगामात घरात दोन हात कमी असणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांना मोडलेल्या संसारावर आयुष्यभर रडत बसणेही परवडत नव्हते.

परंतु या सगळ्या चालींत एक मोठी फट होती. पंच देज परत करण्याचा हिशेब चोख करीत, दागिन्यांचा करीत, नव्या नवऱ्याने जुन्याला काय द्यावे याचाही करीत. मुलाचा हिशेब मात्र एका वाक्यात संपे. संतती बापाच्या कुळाची. दूधपिते मूल असेल तर ते आईच्या पदराला राही, आणि अंगावरचे सुटले की बापाच्या घरी जाई. त्यानंतर आईने त्याला भेटायचे की नाही, भेटायचे तर कोणत्या सणाला, कोणाच्या सोबतीने, याविषयी चाल मुकी होती. दोन गावे जवळ असली आणि मने फार कडू नसली तर बाजाराच्या दिवशी आई दुरून लेकराला पाहून घेई, एवढेच.

ही फट अधिक बोचते याचे कारण असे की, दोन घरांत ये-जा करण्याचे शास्त्र आमच्या समाजाला अवगत नव्हते असे नाही. ते त्याला फार उत्तम अवगत होते. फक्त ते त्याने मुलासाठी वापरले नाही, सासुरवाशिणीसाठी वापरले. लग्न झालेली मुलगी दोन घरांची असते. तिचे माहेरी जाणे ही मनाची लहर नव्हती, तो पंचांगात बसविलेला व्यवहार होता. पंचमीला जायचे, दिवाळीला जायचे, पहिले बाळंतपण माहेरी. तिला आणायला मुराळी जाई. हा मुराळी म्हणजे केवळ वाटेचा सोबती नव्हे. तो बहुधा भाऊ असे, नाहीतर घरचा जुना जाणता माणूस. सासरच्यांनी चार उणेदुणे शब्द काढले तरी ते पोटात घालायचे, व्याह्यांच्या भांडणात पडायचे नाही, लेकीला सुखरूप आणायचे आणि ठरल्या दिवशी पोचवायचे, हे त्याचे काम. तो आला की सासरच्यांना पाठवणी करावीच लागे, कारण मुराळ्याला रिकामा परत पाठविणे हा अपमान समजला जाई. जाताना शिदोरी, येताना शिदोरी. म्हणजे दिवस ठरलेला, माणूस ठरलेला, हातात काही घेऊन जाणे ठरलेले. यापेक्षा अधिक चांगली व्यवस्था कोणत्या कायदेपंडिताने सुचविली असेल असे आम्हाला वाटत नाही.

आमच्या विदर्भातील भुलाबाईचा खेळ या व्यवस्थेचाच उत्सव आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर मुली मातीच्या भुलाबाईभोवती बसून गाणी म्हणतात. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. सारीपाटावर दोघांचे बिनसले, रुसवा झाला, आणि पार्वती भिल्लिणीच्या रूपाने फिरली म्हणून ती भुलाबाई, अशी उपपत्ती सांगतात. कोजागरीला पाच धांड्यांचा मखर उभा करून त्याखाली ती दोघे मांडायची. रुसलेल्या नवराबायकोला महिनाभर एका पाटावर बसवून, त्यांच्यापुढे डब्यातली खिरापत ओळखण्याचा खेळ पोरींनी खेळायचा, यातली गंमत पाहण्यासारखी आहे. भुलाबाईच्या मांडीवर बहुधा गणपती असतो. रुसव्यात त्याला कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न मात्र गाण्यांना पडलेला दिसत नाही.

तसे पाहिले तर मूलही आमच्याकडे पूर्वीपासून दोन घरांचे आहे. एक घर आणि एक आजोळ. उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी धाडलेल्या मुलाला आपण दुभंगलेले मूल म्हणत नाही. उलट ज्याला आजोळ नाही त्याची कीव करतो. तेव्हा दोन घरे हे मुलाचे दुःख नव्हे. त्या दोन घरांमध्ये वैर असणे, आणि एका घरी दुसऱ्याचे नाव काढायची चोरी असणे, हे त्याचे दुःख.

आता कायद्याकडे वळू. तो रूक्ष विषय आहे, म्हणून थोडक्यात आटपतो. पण आमच्या वऱ्हाडाचे एक उदाहरण आधी देण्याचा मोह आवरत नाही. १८५३ साली निजामाच्या कर्जापायी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांनी घेतला, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला. तरी निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी १९३६ साली मिळालीच. आमचा जिल्हा १९०५ पर्यंत कागदोपत्री ‘वणी जिल्हा’ होता, मग यवतमाळ झाला. नागपूर राजधानीच्या मध्य प्रदेशातून १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. या सगळ्या फिरवाफिरवीत वऱ्हाडातल्या माणसाला फार काळ कुणी विचारले नाही. नाव एकाचे आणि ताबा दुसऱ्याचा, या अवस्थेत पन्नास-शंभर वर्षे काढणे म्हणजे काय, हे ज्या प्रांताने भोगले त्याला विभक्त आईबापांच्या मुलाची स्थिती कळायला हरकत नसावी.

मुलाच्या बाबतीतही कायद्याने हीच दोन कलमे वेगळी केली आहेत. पालकत्व एकाचे, ताबा दुसऱ्याचा असू शकतो. इंग्लंडात कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेची मुले नवऱ्याने तिच्यापासून तोडली, तिने लेखणी उचलली, आणि १८३९ साली सात वर्षांखालील मुलांसाठी आईला निदान अर्ज तरी करण्याचा हक्क मिळाला. तोवर तेथेही मूल हे सर्वस्वी बापाचे. आपल्याकडे १८९० सालचा पालक आणि पाल्य अधिनियम आला. त्यात मुलाचे हित हा शब्द आहे, जाणत्या मुलाची इच्छा लक्षात घेण्याची तरतूदही आहे. पण बाप अपात्र ठरल्याशिवाय दुसरा पालक नेमायचा नाही, ही पाचरही २०१० पर्यंत त्यातच होती. मुंबईच्या उच्च न्यायालयाने १९४१ साली एका प्रकरणात, कोवळ्या वयाच्या मुलाला आईच्या तोडीचा दुसरा सांभाळणारा मिळणे अशक्य, अशा आशयाचा निर्णय दिला, तेव्हा वारे थोडे फिरले.

घटस्फोटाचे कायदेही एकसारखे आले नाहीत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ साली, बडोद्याच्या सयाजीरावांनी १९३१ साली आपापल्या संस्थानात ते केले. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. आमच्या पांढरकवड्यात जातीची चाल नसलेल्या बाईला १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमापर्यंत थांबावे लागले. म्हणजे विदर्भाच्या सरहद्दीपलीकडच्या खानदेशात जी सुटका १९४७ साली होती, ती येथे आठ वर्षे उशिरा आली; आणि त्यासाठी आंबेडकरांना हिंदू संहितेच्या प्रश्नावर १९५१ साली मंत्रिपद सोडावे लागले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. या अधिनियमाचे २६ वे कलम मुलांसंबंधी आहे. त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. मुलांविषयीचा हुकूम न्यायालयाला वेळोवेळी बदलता येतो. पाचव्या वर्षी जे योग्य ते बाराव्या वर्षी योग्य असतेच असे नाही, एवढे तरी कायद्याला कळले.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५६ साली, पालकत्वाचा अधिनियम झाला आणि त्यात स्वाभाविक पालक म्हणून बाप, व ‘त्याच्यानंतर’ आई असे लिहिले गेले. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा मात्र सामान्यतः आईकडे. या ‘नंतर’ शब्दाने आईने त्रेचाळीस वर्षे रांगेत मागे उभे राहिली. १९९९ साली गीता हरिहरन या लेखिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे मरणानंतर नव्हे, तर गैरहजेरीतही, असा अर्थ लावून दिला. तत्पूर्वी १९७३ साली त्याच न्यायालयाने रोझी जेकब यांच्या प्रकरणात, मुले ही आईबापांची जंगम मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असे सांगितले होते. १९८४ साली कुटुंब न्यायालयांचा कायदा आला. १९९२ साली भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, त्यात दोन्ही पालकांशी नियमित संबंध ठेवण्याचा हक्क मुलाचा म्हणून मांडला आहे. आणि २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात, संयुक्त ताबा हा स्पष्ट पर्याय म्हणून कायद्यात असावा, भेटीगाठींचे, सुट्यांचे, आजीआजोबांच्या वेळेचेही नियम घालून द्यावेत, अशी शिफारस केली. शिफारस आली, कलमे मात्र पुढे बरीच वर्षे होती तशीच राहिली.

या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट दिसते. कायदा बहुतेक सगळा काळ ‘मूल कुणाचे’ याचा निवाडा करीत बसला. ‘मूल केव्हा, कुणाबरोबर, कसे जाईल येईल’ हा मुराळ्याचा प्रश्न त्याने फार उशिरा विचारात घेतला. आणि त्या घरी गेल्यावर मूल काय करील, हा प्रश्न कायद्याचा नव्हेच. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दोन तास भेट, असा हुकूम होतो. बाप येतो, हातात महागडे खेळणे असते, मूल अवघडून बसते, बाप घड्याळाकडे पाहतो. दोन तासांचे काय करावे हे त्याला कुणी शिकविलेले नसते.

ते शिकविण्याचे काम ज्या बाईने केले तिची कर्मकहाणी आमच्या वऱ्हाडातून जाते. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ सालचा, मुंबईच्या प्रार्थनासमाजी केळकर घराण्यातला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या, १९१५ साली अमरावतीच्या एका वकिलाशी त्यांचे लग्न झाले आणि त्या वऱ्हाडात आल्या. मुलगी झाली. संसार टिकला नाही; १९२१ साली तो संपला. त्या काळी शिकलेल्या घरातल्या बाईने नवऱ्यापासून वेगळे होणे म्हणजे चारचौघांच्या जिभेवर चढणे. ताराबाईंनी अमरावती सोडली आणि राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाचे मुख्याध्यापकत्व पत्करले. तेथून १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्या गेल्या. एक एकटी आई आपल्या मुलीला वाढविता वाढविता सगळ्यांच्या मुलांकडे वळली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, पुढे दादरला शिशुविहार, १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र, आणि १९५७ साली कोसबाडची टेकडी. १९६२ साली पद्मभूषण मिळाले; १९७३ साली त्या वारल्या. बोर्डीला त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या, त्या बालविधवा. एक मोडलेल्या संसारातली, दुसरी संसार सुरू होण्याआधीच संपलेली. आणि महाराष्ट्रातल्या बालवाडीचा पाया या दोघींनी घातला. आमच्या समाजाने ज्या बायकांना अपशकुनी म्हणून बाजूला सारले त्यांच्याकडेच आपली पोरे शेवटी सांभाळायला दिली, याला काय म्हणावे?

मॅडम माँटेसरींचे शिक्षणसाहित्य देखणे, पण महाग. ते बोर्डीच्या कोळ्या-वारल्यांच्या पोरांना कुठून मिळणार? ताराबाईंनी शिंपले घेतले, चिंचोके घेतले, पाने, बिया, दगडगोटे, बांबूच्या कांड्या घेतल्या आणि त्यांतून मोजणे, जुळविणे, रंग ओळखणे शिकविले. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीची कल्पनाही तेथलीच. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर झाला. आमच्या शेजारच्या वर्ध्यात त्याआधी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, गांधीजींनी शिक्षण परिषद भरवून हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला होता. नई तालीमचे पुढे जे झाले ते झाले. टकळीचे सूत मोजता मोजता पोरे कंटाळली हेही खरे. परंतु दोन्ही ठिकाणचा मूळ विचार एकच होता. मुलाच्या हाताला काम असले की ते मोठ्या माणसाबरोबर बरोबरीने बसते.

विभक्त आईबापांना याचा उपयोग किती आहे हे आम्ही सांगू इच्छितो, आणि त्यासाठी आमच्याच मातीतली उदाहरणे घेऊ. धांड्याची बंडी ही त्यांतली पहिली. ज्वारीचा वाळलेला धांडा घ्यावा. कापूस आणि सोयाबीनपुढे ज्वारी आमच्या भागात फार कमी झाली आहे, त्यामुळे धांडा आता शोधून आणावा लागतो. तो शोधायला बापलेकांनी मिळून शेतात जावे, हेही बरेच. साल उभी सोलून काढावी. ती मोठ्या माणसाने सोलावी, कारण तिची धार बोट कापते. आत पांढरा हलका गाभा निघतो. साल म्हणजे खिळे, गाभा म्हणजे लाकूड. गाभ्याच्या दोन लांब दांड्या, त्यांवर आडवे तुकडे, सालीच्या टोकदार चोया खुपसून ते जोडायचे. साल ओलवून वाकविली की चाकाची धाव होते, गाभ्याच्या आऱ्या बसतात. जू, शिवळा, साटी, सगळे जमते. एका बैठकीत बंडी पुरी होत नाही, आणि हाच तिचा मोठा गुण आहे. चाके रविवारी बापाकडे झाली, साटी आईकडे बुधवारी झाली, तर बंडी दोन घरांची झाली. ती पिशवीत घालून मूल इकडून तिकडे जाते तेव्हा त्याच्या हातात भांडणाचा निरोप नसतो, अर्धी राहिलेली बंडी असते. ‘जू तिकडे करू’ असे त्याला म्हणता येते. ज्या घरी ‘तिकडे’ हा शब्द निषिद्ध असतो तेथेही.

दुसरे उदाहरण मातीच्या बैलाचे. आमची काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून नाल्याकाठची चिकण माती आणावी, तिच्यात थोडा कापूस पिंजून मळावा, बैल सावलीत वाळवावा. कापूस कुणाला विकत आणावा लागणार नाही, पांढरकवड्यात तरी नाही. वसंतात पळस फुलतो. आमच्या टिपेश्वरच्या रानात त्या दिवसांत दुसरे काही दिसत नाही. पाकळ्या रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळल्या की केशरी रंग होतो. तोच बैलाच्या झुलीला, तोच धुळवडीला. पळसाच्याच पानांचे द्रोण बारीक काड्यांनी टाचता येतात. कोलामांच्या पोडावर बांबूच्या टोपल्या विणणारी माणसे आहेत. त्यांच्याजवळ मुलाला तासभर बसविले तर पुस्तकापेक्षा अधिक कळेल.

या गोष्टी फुकटच्या आहेत म्हणून आम्ही त्यांची भलामण करतो असे नव्हे, जरी फुकट असणेही लहान गोष्ट नाही. विभक्त घरांत मुलाला वस्तू देण्याची चढाओढ लागते. ज्याची कमाई जास्त तो जिंकतो, आणि ती बहुधा बापाची असते. धांड्याच्या बंडीत अशी चढाओढ करता येत नाही. शिवाय हात गुंतलेले असले म्हणजे मूल समोरच्याच्या डोळ्यात न पाहता बोलते. समोरासमोर बसवून ‘तिकडे काय काय झाले’ असे विचारले तर साक्षीदारासारखे गप्प बसणारे पोर, चाकाला आऱ्या बसविता बसविता मनातले सांगून जाते. ते ऐकून घ्यावे. उलटतपासणी करू नये.

व्यवस्थेचा प्रश्न राहिला. समजा, आई पांढरकवड्यात शिक्षिका आहे, बाप वणीला नोकरीत आहे. एस. टी.च्या एका फेरीचे अंतर. अशा ठिकाणी पहिले काम म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताच पुढच्या वर्षाचे दिवस कागदावर लिहून दोघांनी सह्या करणे. कोणते रविवार, दिवाळीचे कोणते दिवस, उन्हाळ्याची कोणती पंधरवडी. मूल तीन-चार वर्षांचे असेल तर भेटी आखूड आणि वारंवार. दहा-बाराचे झाले की लांब आणि थोड्या. दुसरे, मुराळी. आईबापांची तोंडे एकमेकांना पाहवत नसतील तर मूल पोचवायला मामा, काका, आत्या, शेजारच्या काकू, कुणीतरी दोन्ही घरांचा विश्वास असलेले माणूस ठरवावे, आणि त्याने मुराळ्याचा जुना धर्म पाळावा: उणेदुणे पोटात, लेकरू वेळेवर. तिसरे, एक वही. ताप आला होता, अमुक औषध दिले, गणिताची चाचणी सोमवारी आहे, असे त्यात लिहावे आणि वही दप्तरातून जावी. पोटगीची थकबाकी त्या वहीत लिहू नये. शाळेच्या दाखल्यावर आणि प्रगतिपुस्तकावर दोघांची नावे असावीत, म्हणजे गुरुजींना दोघांशी बोलता येईल. दूर असलेल्या पालकाशी दूरध्वनीवर, चित्रफोनवर बोलण्याची वेळ ठरलेली असावी. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० साली अशा संपर्काचा हक्क मान्य केला आहे.

जेथे मारहाण आहे, दारू आहे, तेथे हे लागू नाही हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तेथे भेट द्यायची तर तिसऱ्याच्या देखत, नाहीतर नाही. समजूतदारपणाच्या नावाखाली बाईला आणि लेकराला पुन्हा त्या दारात उभे करणे हा अन्याय होईल.

आणि आमच्या तालुक्यात, शेजारच्या झरीजामणीत, असाही एक वर्ग आहे की ज्याला दोन घरे कधी मिळालीच नाहीत. पोडांवरच्या ज्या गोंड-कोलाम मुलींना बाहेरून आलेल्यांनी फसविले आणि जे निघून गेले, त्या कुमारी मातांची लेकरे येथे वाढत आहेत. वृत्तपत्रांनी त्यांच्यावर लिहिले, समित्या येऊन गेल्या. १९५६ च्या अधिनियमाप्रमाणे अशा मुलाची पहिली पालक आईच आहे. पालकत्वासाठी बापाचे नाव सांगण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरविले. पोटगी मागण्याचा हक्क त्या मुलाला जुन्या फौजदारी संहितेत होता, २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. कागदावर हे ठीक. पण सामायिक संगोपन म्हणजे दोघांनी वाटून घेणे, आणि येथे वाटेकरी एक पळालेला. त्याच्या वाट्याचा भार उचलायचा तर तो पोडाने, अंगणवाडीने आणि आपण गावकऱ्यांनी उचलायला हवा. रावेरीच्या लोकांनी पसाभर गहू नाकारला त्या ठिकाणी आपण आज उभे आहोत.

आता पोळ्याचे. श्रावणी अमावास्येला मोठा पोळा. दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली मुलांसाठी तो सुरू केला, अशी परंपरा आहे. पोरे लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात आणि बोजारा मागतात. कुणाच्या दारी बैल नेला नाही तर त्या घरच्यांना वाईट वाटते. दिवस लिहिताना विभक्त आईबापांचा खटका हमखास उडतो तो अशा सणावरून: पोळा कुणाकडे? आमच्या पंचांगाने येथे दोन दिवस ओळीने देऊन ठेवले आहेत. पोळ्याचा बैल एका घरच्या अंगणात सजवावा, रात्री मुराळ्याने लेकरू पोचवावे, आणि सकाळी तान्ह्या पोळ्याला तोच बैल दुसऱ्या घरच्या दाराशी न्यावा. बोजारा दोन्ही घरी मागावा.